फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला इंटरनेट कशाला हवं?

खजुरीबाजार

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळ आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, तेराव्याची कार्डं. पूर्वी लोक फोटो पाकिटातून आणून द्यायचे, आता साइटवर चढवतात. चढवलेला फोटो सर्व्हरवरचा एक प्रोग्राम लहान करतो, कडा छाटतो आणि छपाईच्या रांगेत लावतो. त्याचा जन्म एवढ्याच कामासाठी.

मागच्या महिन्यात फायरवॉलचा लॉग चाळताना दिसलं की हा फोटोवाला गडी रात्री दीड वाजता बाहेरच्या कुठल्याशा पत्त्याकडे निघाला होता. रात्री दीडला इंदुरात घराबाहेर पडायचं कारण म्हणजे सराफा, पण याला भूक लागत नाही. खणून पाहिलं. एका गिऱ्हाइकाच्या नावाने आलेली 'आजोबा.जेपीजी' ही फाइल. आत आजोबा नव्हतेच, नुसता मजकूर होता: अमुक पत्त्यावरून चित्र आण आणि इथे चिकटव. प्रोग्रामने फाइलीचं नाव न बघता आतलं वाचलं आणि सांगकाम्यासारखा निघाला आणायला. फायरवॉलने अडवला म्हणून निभावलं. व्हर्जन जुनं होतं, बदललं. ती चूक माझी, त्यावर चर्चा नको.

चर्चा यावर हवी: हा प्रोग्राम सॉकेट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायची खिडकी, उघडूच का शकतो? युनिक्समध्ये फाइल वाचायची परवानगी वेगळी, लिहायची वेगळी. १०२४ च्या खालच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक) ऐकत बसायचं तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, लागतो. पण बाहेर जोडणी करायला कोणी कोणाला विचारत नाही. ज्याला प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, म्हणून जन्म मिळाला त्याला सगळं जग मोकळं.

माझं म्हणणं असं. परक्याची फाइल उघडण्याआधी प्रोग्रामने स्वतःच कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, सांगावं की यापुढे मला नेटवर्क नको. कर्नलने ते त्याच्या मरणापर्यंत, पोराबाळांसकट पाळावं. परत मागण्याची सोय नको, आणि सांगायला रूट लागता कामा नये. ओपनबीएसडी या युनिक्सच्या भावंडामध्ये २०१६ च्या ५.९ आवृत्तीपासून 'प्लेज' आहे. काय काय करणार ते एका ओळीत सांगायचं. त्या यादीत 'इनेट', म्हणजे इंटरनेट, नसेल आणि प्रोग्राम तरी इंटरनेटचं सॉकेट उघडायला गेला, तर कर्नल त्याला जागीच मारतो. लिनक्सवर आपण अजून यासाठी चार वाटांनी फिरतो.

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू. सराफ ओटा देतो, पण शटर ओढून, कुलूप लावून. गराडूवाला चोर आहे असं कोणी म्हणत नाही. त्याच्या कामाला किल्ली लागत नाही, एवढंच. माझ्या फोटोवाल्याच्या खिशात मात्र आपण जन्मतःच किल्ल्यांचा जुडगा टाकून ठेवलाय.

अडगळ

इंदूरकराचा धागा म्हणजे जिलबी असणार असं धरूनच उघडला होता, पण ही पोह्यांसोबतची निघाली. म्हणून मनापासून असहमती नोंदवतो.

भिया, तुझी फायरवॉल चालली. मग तक्रार कशाबद्दल? चोर दारावर अडला, आता तू म्हणतोस की चोराने घरून निघतानाच शपथ घेऊन निघायला हवं होतं.

'एका ओळीत सांगायचं' हे ऐकायला गोड आहे. आपला प्रोग्राम काय काय करतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, असं तू गृहीत धरलंस. नसतं. तू 'या नंबरचा वापरकर्ता कोण' एवढं विचारणारं साधं फंक्शन बोलावतोस. आत जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, आधी नाव साठवून ठेवणाऱ्या सेवेचं युनिक्स सॉकेट (मशीनच्या आतल्या आत बोलायचं) ठोठावून बघते. ऑफिसात एलडॅप, म्हणजे वापरकर्त्यांची सामाईक यादी, असेल तर तीच विचारणा थेट नेटवर्कवर जाते. तुझ्या कोडमध्ये 'सॉकेट' हा शब्द एकदाही नाही, तरी तू सॉकेट उघडलंस. तुझी ती ओळ लिहिली की प्रोग्राम तुझ्या मशीनवर चालेल आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर मरेल. नंतर एक दिवस वैतागून तूच ती ओळ काढशील. असल्या किती ओळी 'तात्पुरत्या' काढलेल्या पाहिल्यात, मोजदाद नाही.

वडाचं झाड

बडोद्याहून. सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा, कोड लिहिणं नाही, तेव्हा माझा कल उघड आहे.

कुलूप लावायचं काम घरमालकाचं. प्रोग्रामने स्वतःला बांधून घ्यावं ही अपेक्षाच मला उलटी वाटते. नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला दिलेलं वेगळं नेटवर्क, लिनक्समध्ये २००८ पासून, २.६.२४ पासून आहे. नव्या नेमस्पेसमध्ये जन्मलेल्या प्रोसेसला फक्त एक लूपबॅक, म्हणजे स्वतःशीच बोलायचा मार्ग, दिसतो, तोही बंद पडलेला. बाहेरचं कार्डच नाही तर जाणार कुठून? सॉकेट उघडेना का खुशाल! विहिरीत पाणीच नाही, मग बादली कितीही सोडा. सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये 'प्रायव्हेटनेटवर्क=यस' लिहायचं, झालं. प्रोग्राम जुना असो, त्याचा लेखक हयात नसो, काही फरक पडत नाही. कोडला हात लावावा लागत नाही.

आणि धागाकर्ते, तुमच्या फोटोवाल्याचा लेखक ती ओळ लिहील याची वाट बघत तुम्ही किती वर्षं बसणार?

खजुरीबाजार

@वडाचं झाड: युनिट फाइलचा उपाय मला पुरत नाही. फोटोवाला ही वेगळी सेवा नाही. वेबवाली प्रोसेस त्याला दर फोटोमागे जन्माला घालते, तीन सेकंद जगून तो मरतो. आईला नेटवर्क हवंच, पोराला नको. युनिट पातळीवर बंद केलं तर दुकानच बंद.

मग म्हणाल, पोराला जन्म देतानाच नवी नेमस्पेस द्या. दिली असती. पण त्याला एक तर रूटचा अधिकार लागतो, नाही तर आधी यूजर नेमस्पेस (जिच्या आत साधा वापरकर्ता रूट ठरतो) काढावी लागते. ती साध्या वापरकर्त्याला ३.८ पासून, २०१३ पासून, काढता येते खरी. पण माझ्याकडे उबुंटू लिनक्स २४.०४ आहे, आणि तिथे अ‍ॅपआर्मरने (प्रोग्रामांवरचा कर्नलमधला पहारेकरी) साध्या प्रोग्रामांच्या यूजर नेमस्पेसचे हातपाय मुळातच बांधून ठेवलेत. कारण? तिच्या आडून कर्नलच्या नको त्या कोपऱ्यांत शिरता येतं. म्हणजे सुरक्षिततेसाठी ज्या दारातून जायचं ते दार सुरक्षिततेसाठीच बंद. अ‍ॅपआर्मरचं वेगळं प्रोफाइल लिहून वाट काढता येते, माहीत आहे. पण मग ते प्रोफाइल प्रत्येक मशीनवर रूटने बसवणं आलं.

@अडगळ: फायरवॉलला 'हा फोटोवाला' आणि 'ही वेबवाली' यांतला फरक सांगणं सोपं नाही, दोघं एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्या रात्री तो अडला कारण पत्ता विचित्र पोर्टवरचा होता. ४४३ वर, वेबच्या नेहमीच्या पोर्टवर, असता तर हसत हसत गेला असता.

पेन्शनर काका

इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांना युनिक्स शिकवण्यात हयात गेली. या वादातलं अर्धं मी तेव्हाच ऐकलेलं आहे, म्हणून थोडी जुनी लाकडं चुलीत घालतो.

धागाकर्त्याचं मागणं नवं नाही. गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप काढणारा ओएलपीसी प्रकल्प आठवतो का? त्यात मुलाने कुठून तरी मिळवलेला खेळ चालवला तर त्या खेळाने नेटवर्कला हात लावू नये, अशी गरज होती. त्यासाठी मायकल स्टोन यांनी २००९ च्या डिसेंबरात लिनक्स कर्नलच्या लोकांपुढे अगदी हेच ठेवलं: प्रोसेसने एक हाक मारायची आणि नेटवर्क कायमचं सोडायचं. बरीच रणं झाली. कर्नलमध्ये ते गेलं नाही.

'स्वतःचा हक्क स्वतः सोडतोय, यात कोणाच्या बापाचं काय जातं?' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. जातं, बाळांनो. २००० सालची गोष्ट सांगतो. लिनक्स २.२ मध्ये साध्या वापरकर्त्याला आपल्या काही क्षमता (अधिकाराचे सुटे तुकडे) टाकून देता येत होत्या. एका लबाडाच्या लक्षात आलं की 'वापरकर्ता बदलण्याची' क्षमता टाकून द्यायची आणि मग सेंडमेल हे ईमेल पोचवणारं सॉफ्टवेअर चालवायचं. सेंडमेल रूट म्हणून जन्मणारं. जन्मल्यावर ते शहाण्यासारखं आपला रूटपणा उतरवायला गेलं, पण उतरवायला लागणारी क्षमताच काढून घेतलेली. उतरवणं फसलं, सेंडमेलने फसलं का ते तपासलं नाही, आणि ते रूट राहूनच पुढची कामं करत बसलं. हक्क सोडला दुबळ्याने, गोत्यात आला बलवान. ते भोक २.२.१६ मध्ये बुजवलं, पण धसका राहिला. नेटवर्क सोडून देऊन कोणी रूटवाला प्रोग्राम चालवला आणि त्या प्रोग्रामला आपली तक्रार दूरच्या लॉग सर्व्हरला कळवायची असेल तर? मुकाच केला की त्याला.

यावर उतारा पडला २०१२ मध्ये, लिनक्स ३.५ सोबत. 'नो न्यू प्रिव्हिलेजेस' नावाची एक खूण. ती लावून घेतली की पुढे कुठलाही प्रोग्राम चालवलास तरी त्यातून तुला जास्तीचा अधिकार मिळणार नाही. रूटवाला सेंडमेल चालवलास तरी तो तुझ्याच पातळीवर चालेल. ही खूण लावून घे, मग हवे ते हक्क सोड, रूट लागत नाही. त्याच ३.५ मध्ये सेककॉम्पला, म्हणजे प्रोसेसने कर्नलला घातलेल्या हाका अडवणाऱ्या यंत्रणेला, गाळण्या लावण्याची सोय आली. तेव्हा खजुरीबाजार, तुझं मागणं २००९ मध्ये अवघड होतं, आज नाही. 'लिनक्सवर नाही' असं म्हणू नकोस. आहे, पण गैरसोयीचं आहे.

स्नेहलतागंज

मला यातलं निम्मं कळलं नाही, तरी विचारते. फोनमध्ये अ‍ॅप कॅमेरा मागतं, माइक मागतं, कॉन्टॅक्ट मागतं, दर वेळी विचारतात. इंटरनेट हवं का असं मला आजवर एकाही अ‍ॅपने विचारलेलं नाही. टॉर्चनेसुद्धा नाही. टॉर्चला इंटरनेट कशाला? हा तोच प्रश्न आहे का?

खजुरीबाजार

मावशी, अगदी तोच. माझा धागा तुम्ही दोन वाक्यांत लिहिलात.

अँड्रॉइडमध्ये इंटरनेटची परवानगी आहे. अ‍ॅप बनवणाऱ्याला ती जाहीर करावी लागते. पण ती 'सामान्य' गटात घातलेली, म्हणून अ‍ॅप बसवताना आपोआप मिळते, तुम्हाला विचारत नाहीत. गंमत म्हणजे आतलं यंत्र पहिल्यापासून कडक होतं. अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये ३००३ क्रमांकाचा एक गट असायचा, त्या गटात नसलेल्या अ‍ॅपला सॉकेट मिळायचंच नाही. म्हणजे कुलूप उत्तम, फक्त किल्ली सगळ्यांना वाटून टाकली. आणि टॉर्चचं म्हणाल तर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्च अ‍ॅपवरच कारवाई केली होती. ते लोकांचं ठिकाण जाहिरातवाल्यांना पाठवत होतं.

अडगळ

मावशींचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हे तुझ्या लक्षात आलं का? टॉर्चवाला लबाड होता. लबाड माणूस 'मला नेटवर्क नको' अशी ओळ लिहील? तुझी शपथ फक्त सज्जन घेणार.

आणि सज्जनाच्या ओळीचं काय होतं तेही ऐक. २०२४ चं एक्सझेड प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. दाबून लहान केलेल्या फाइली उलगडणाऱ्या लायब्ररीत दोन वर्षं विश्वास कमावून बसलेल्या माणसाने मागचं दार बसवलं, आणि आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला किंचित उशीर लागतोय म्हणून संशय आला, तेव्हा ते बाहेर पडलं. त्याच एक्सझेडमध्ये लँडलॉक या लिनक्सच्या सोयीचं कुंपण होतं, तुझ्या मनासारखं, प्रोग्रामने स्वतःला घालून घेतलेलं. 'या मशीनवर लँडलॉक आहे का' हे तपासणाऱ्या बांधणीच्या तुकड्यात त्या माणसाने एक टिंब घातलं. एक पूर्णविराम. त्यामुळे तपासणीचा कोड कधी कंपाइल होईना, उत्तर कायम 'नाही' येई, आणि कुंपण गुपचूप गळून पडलं. कोणाला दिसलं? वडाचं झाड यांची युनिट फाइल असती तर त्या टिंबाने तिचं काही वाकडं झालं नसतं.

खजुरीबाजार

टिंबाची गोष्ट मी उलटी वाचतो. ज्याने दोन वर्षं घालवली त्याला ते कुंपण पाडण्याची गरज वाटली. बुजगावणं असतं तर त्याने त्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

लबाड लेखकाविरुद्ध माझा उपाय नाहीच, तसा दावाही नाही. माझा फोटोवाला सज्जन आहे, त्याच्या पुढ्यात आलेली फाइल लबाड आहे. या दोन दुखण्यांना एकच औषध देऊ नका. २०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्राममधली भोकं 'इमेजट्रॅजिक' नावाने गाजली. नुसतं चित्र चढवून सर्व्हरवर हुकूम चालवता येत होता, आणि त्यातल्याच एका भोकाने सर्व्हरला हव्या त्या पत्त्यावर पाठवता येत होतं. त्याच वर्षी एफएफएमपेग या व्हिडिओवाल्या प्रोग्राममध्येही तसलंच. व्हिडिओ म्हणून दिलेली फाइल प्रत्यक्षात याद्यांची यादी, आणि तिच्यातून सर्व्हरवरच्या फाइलींचा मजकूर बाहेरच्या पत्त्याला चिकटून जायचा. दोन्ही सज्जन प्रोग्राम, जगभर वापरात. लबाड लेखक हा अपवाद आहे. लबाड फाइल आमच्याकडे सीझनला रोज येऊ शकते.

होस्टेल सिमरोळ

आयआयटीच्या होस्टेलातून, मेसचे पोहे संपायच्या आत लिहितेय. काकांनी 'गैरसोयीचं आहे' म्हटलं ते नेमकं कुठे, ते सांगते, कारण मी हे एका असाइनमेंटसाठी करून बघितलंय आणि हात भाजून घेतलेत.

सेककॉम्पची गाळणी सिस्टम कॉलचा (कर्नलला घातलेल्या हाकेचा) क्रमांक आणि त्याचे आकडे बघते, पण पॉइंटरच्या (मेमरीतल्या जागेच्या नंबराच्या) मागे डोकावत नाही. 'सॉकेट' कॉलमध्ये कुठल्या घराण्याचं सॉकेट हवं हा नुसता आकडा असतो, तो दिसतो. त्यामुळे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ ची घराणी नाकारणं सोपं. पण 'कनेक्ट'मध्ये पत्ता मेमरीत असतो आणि गाळणीला फक्त त्या जागेचा नंबर मिळतो. 'फक्त आपल्या डेटाबेसशी बोल, बाकी कुणाशी नको' असं सेककॉम्पला सांगताच येत नाही. सगळं किंवा काहीच नाही.

लँडलॉकने यात थोडी भर घातली. तो ५.१३ मध्ये, २०२१ ला आला तेव्हा फक्त फाइलींसाठी होता. २०२४ च्या जानेवारीत ६.७ मध्ये नेटवर्क आलं, पण ते टीसीपीपुरतं, आणि तेही पोर्ट क्रमांकावर, पत्त्यावर नाही. ४४३ ला जाऊ दे म्हटलं की जगातल्या प्रत्येक ४४३ ला जाऊ दिलं. त्या सोयीत यूडीपीचं, म्हणजे मजकूर पाठवायच्या दुसऱ्या रीतीचं, नाव नव्हतं.

आता माझा भाजलेला हात. मी 'सॉकेट' कॉल बंद केला आणि खूश झाले. सरांनी आयओ-युरिंग, म्हणजे कर्नलकडे कामांच्या चिठ्ठ्यांची रांग लावायची सोय, वापरून माझ्यासमोर सॉकेट उघडून दाखवलं. ५.१९ पासून, म्हणजे २०२२ पासून, आयओ-युरिंगच्या रांगेत 'सॉकेट उघड' अशी चिठ्ठी टाकता येते आणि कर्नल ती आतल्या आत पार पाडतं. सिस्टम कॉलच्या दारातून ती जातच नाही, म्हणून दारावरच्या गाळणीला पत्ता नाही. तात्पर्य, बंदीची यादी करू नका, परवानगीची करा, आणि आयओ-युरिंगचं दुकान उघडायलाच देऊ नका. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं की भोकं शोधणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या कर्नल हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ-युरिंगमधून होते. त्यांनी क्रोमओएसमध्ये ते बंदच केलं.

वडाचं झाड यांच्या नेमस्पेसला हे भोक लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. सॉकेट कसंही उघडा, बाहेर जायला रस्ताच नाही.

वडाचं झाड

आभारी आहे सिमरोळकर, गरबा खेळायला या.

पण माझ्याही बाजूचं एक भोक मीच सांगतो, नाही तर अडगळ सांगतील. नेमस्पेस नेटवर्क बंद करते, पण फाइलीसारखा पत्ता असलेली युनिक्स सॉकेटं तिला दिसत नाहीत, ती फाइल सिस्टमच्या हद्दीत येतात. म्हणजे कोंडलेल्या प्रोसेसला डॉकरच्या (कंटेनर चालवणारा) किंवा डीबसच्या (प्रोग्रामांमधला निरोप्या) सॉकेटची वाट दिसत असेल तर ती दुसऱ्या कुणाला तरी 'माझ्यासाठी एवढं आणून दे' म्हणू शकते. त्या सॉकेटमधून तर उघडी जोडणीच हातात देता येते. सराफ्याच्या भाषेत, ओट्यावरच्याला किल्ली दिली नाही, पण आतला गडी शटरच्या फटीतून डबा सरकवतोय.

अडगळ

सांगणारच होतो.

त्यात आणखी एक घाला. एकाच वापरकर्त्याच्या दोन प्रोसेस असल्या तर कोंडलेली प्रोसेस पीट्रेसने, म्हणजे दुसरी प्रोसेस तपासायच्या सोयीने, न कोंडलेलीच्या मेंदूत शिरून तिच्या हाताने सॉकेट उघडू शकते. ते बंद करायला वेगळी सेटिंग. म्हणजे 'मला नेटवर्क नको' याचा खरा अर्थ निघतो: नेटवर्क नको, आयओ-युरिंग नको, पीट्रेस नको, अमुक सॉकेटं नकोत, तमुक फाइली नकोत. एक ओळ एक ओळ करता करता आपण कुठे आलो बघ.

आणि यादी आज बरोबर बसवली तरी उद्या जीलिबसी बदलते. २०२१ च्या ऑगस्टात २.३४ आली, तिने थ्रेड काढायला क्लोन-३ हा नवा कॉल वापरायला सुरुवात केली. जुन्या गाळण्यांना तो माहीत नव्हता. 'असा कॉल नाही' म्हणायच्या ऐवजी त्या 'परवानगी नाही' म्हणाल्या, आणि जीलिबसीने जुन्या वाटेने जाऊन बघण्याऐवजी हात वर केले. नव्या डिस्ट्रोचे डॉकर कंटेनर जुन्या मशीनवर धडाधड कोसळले. एका चुकीच्या उत्तरापायी! हे मी माझ्या टीमसोबत रात्रभर जागून भोगलंय, म्हणून चिडचिड.

पेन्शनर काका

अडगळ, तुझी चिडचिड रास्त आहे, पण तिचा निष्कर्ष 'करू नका' असा निघत नाही. निष्कर्ष असा निघतो की ही यादी प्रत्येकाने आपापल्या घरी शिजवू नये, कर्नलने शिजवून द्यावी. प्लेज टिकलं ते यामुळेच. ओपनबीएसडीत कर्नल, सी लायब्ररी आणि प्रोग्राम एकाच घरात राहतात. लायब्ररी बदलली तर प्लेजचा अर्थही त्याच दिवशी, त्याच हाताने बदलतो. आपल्याकडे तिघांची तीन घरं, आणि तिघं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

दुसरं उदाहरण टीसीपीडंपचं, नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. फ्रीबीएसडीवाल्यांनी कॅप्सिकम या आपल्या कोंडण्याच्या सोयीने त्याला कोंडलं. रॉबर्ट वॉटसन आणि मंडळींचा २०१० चा शोधनिबंध आहे, आणि फ्रीबीएसडी ९.० मध्ये, २०१२ ला ते लोकांच्या हाती आलं. कॅप्सिकमची रीत अशी: लागेल ते आधी उघडून घे, मग कोंडून घे. उघडलेलं चालू राहतं, नवं काही मिळत नाही. टीसीपीडंपने आधी नेटवर्क कार्डावर कान लावला, मग कोंडून घेतलं आणि त्यानंतरच परक्यांची पाकिटं उलगडायला बसला. सुंदर. पण लगेच एक गोष्ट मोडली. पत्त्यांची नावं दिसेनात, कारण नाव शोधायला नव्याने बाहेर जावं लागतं. त्यासाठी पुढे नावं विचारून देणारा वेगळा मदतनीस बसवावा लागला. क्रोमचंही तसंच. पान रंगवणारी प्रोसेस स्वतः नेटवर्कला शिवत नाही, शेजारच्या प्रोसेसकडे मागते.

म्हणजे ओळ एकच असते. पण ती कुठे लिहायची हे ठरवायला प्रोग्रामचे दोन तुकडे करावे लागतात. खरी मेहनत तिथे आहे, आणि ती बाहेरून युनिट फाइल लिहिणाऱ्याला करता येत नाही.

वडाचं झाड

काकांना दंडवत, तरी शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. तुकडे करायला लेखक हवा आणि वेळ हवा. माझ्याकडे शंभरएक सेवा आहेत, निम्म्यांचे लेखक नोकरी सोडून गेले. मी आज रात्री काय लावू शकतो ते मला महत्त्वाचं.

आणि 'नाव शोधण्यापुरतं डीएनएस उघडं ठेवू' असं कोणी सुचवायच्या आत सांगतो: ठेवू नका. चोरलेला मजकूर तुकड्या-तुकड्याने डोमेनच्या नावात कोंबायचा आणि त्या नावाची चौकशी करायची. चौकशी फिरत फिरत चोराच्याच सर्व्हरला पोचते. किलकिलं ठेवलेलं दार उघडंच असतं.

खजुरीबाजार

आठ दिवसांनी येतोय, मध्ये लग्नसराईच्या पत्रिका होत्या.

करून बघितलं. फोटोवाल्याच्या लेखकाची वाट न बघता सी मध्ये छोटं वेष्टन लिहिलं, कोऱ्या ओळी धरून चाळीसेक ओळींचं. ते आधी 'नो न्यू प्रिव्हिलेजेस' लावतं, मग सेककॉम्पने सगळ्या घराण्यांची सॉकेटं बंद करतं, आयओ-युरिंग आणि पीट्रेस बंद करतं, आणि मग फोटोवाल्याला चालवतं. गाळणी पुढे टिकते, तो कोंडलेलाच जन्मतो. सिमरोळकरांनी सांगूनही ही बंदीची यादीच झाली, परवानगीची यादी करायला घेतली होती पण क्लोन-३ ची गोष्ट वाचून धीर सुटला. मुद्दाम 'आजोबा.जेपीजी' पुन्हा दिली. जुन्या व्हर्जनलाच दिली. जागचा हलला नाही. त्या रात्री खरंच सराफ्यात जाऊन आलो.

पण अडगळचं एक वाक्य, की कोडमध्ये शब्द नसला तरी सॉकेट उघडतं, खरं ठरलं आणि ते इथे येऊन कबूल करणं भाग आहे. तीन दिवस फोटोवाल्याचा लॉग कोरा. मला वाटलं, काय गुणी बाळ आहे. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला की पत्रिकेत नवरदेवाच्या जागी पांढरा चौकोन आहे. प्रोग्राम फोटोवर अडत होता, तक्रार करत होता, पण तक्रार सिसलॉगला, मशीनच्या नोंदवहीला, जाते आणि सिसलॉग म्हणजे युनिक्स सॉकेट. मी सगळी घराणी बंद केलेली. काकांनी भीती घातली होती तसा मीच त्याला मुका करून ठेवला होता.

कॅप्सिकमची रीत करून बघितली: वेष्टनातच लॉगची जोडणी आधी उघडायची, मग कोंडायचं. जमलं नाही, कारण वेष्टन संपून फोटोवाला सुरू होतो त्या क्षणी ती जोडणी बंद होते. तो स्वतः उघडून मग स्वतःला कोंडेल तरच जमतं. तेव्हा माझं मूळ म्हणणं, की हे प्रोग्रामने आतून केलं पाहिजे, त्यावर मी आणखी घट्ट झालोय. फक्त 'एक ओळ' हे शब्द मागे घेतो.

वडाचं झाड

अहो, एवढा घोळ कशाला? त्याला लॉग लिहायलाच लावू नका. तक्रारी स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका सांगायच्या नळीत, फेकू दे, ती आईच्या हातात असतेच. आई मोकळी आहे, ती सिसलॉगला लिहील. फोटोवाल्याला तशी सोय आहे का बघा, बहुतेक प्रोग्रामांना असते.

खजुरीबाजार

आहे. मदतीच्या पानावर तिसऱ्याच ओळीत आहे.

अडगळ

आणि नवरदेव?

खजुरीबाजार

दोनशे पत्रिका परत छापल्या, घरच्या कागदावर. तुम्ही लोक इंदूरला आलात की पोहे माझ्याकडून. अडगळला जिलबी एक्स्ट्रा.